भागीरथाबाईंचं पाचवं पुस्तक

१

दुपारची जेवणं आटोपली की कुंदा पिंपळखुटे समोरच्या खोलीतल्या दिवाणावर कागदांचा गठ्ठा घेऊन बसायची आणि अनंतराव खिडकीजवळच्या खुर्चीत. कूलर घरघरत असायचा. स्टूलवर पाण्याचा पेला झाकून ठेवलेला असायचा. अनंतराव घसा खाकरायचे आणि सुरू करायचे.

"एकेरी अवतरण सुरू, वणव्यानंतर, अवतरण पूर्ण, कंस सुरू, कादंबरी, कंस पूर्ण, स्वल्पविराम, यवतमाळ, स्वल्पविराम..."

ते वाचायचे आणि कुंदा हातातल्या कागदावर पेन्सिल फिरवत ताडून पाहायची. वाचणाऱ्याकडे जुनी प्रत, तपासणाऱ्याकडे नवी. बोललेलं चिन्ह कागदावर नसलं की पेन्सिल थांबायची. दारव्हा रोडच्या त्या लेआउटमध्ये दुपारी कुत्रंही भुंकत नाही, त्यामुळे अनंतरावांचे स्वल्पविराम शेजारच्या गच्चीपर्यंत जात असतील.

काम जिल्ह्याच्या साहित्यकोशाचं होतं. चार हौशी माणसांनी मनावर घेतलं, गावोगावच्या लिहित्या माणसांच्या नोंदी मागवल्या आणि त्या आल्या तेव्हा सगळ्यांनी कपाळाला हात लावला. लेखकाची माहिती एकवेळ ठीक, पण नोंदीच्या शेवटची पुस्तकांची यादी म्हणजे नुसता काला. कोणी आधी साल लिहिलेलं, कोणी साल लिहिलंच नाही. कोणी नावं ठळक केली, कोणी अधोरेखित. उमरखेडच्या एकानं स्वतः रचलेल्या मंगलाष्टका पुस्तकांत धरल्या होत्या. बाभुळगावच्या एका गृहस्थांनी तर लिहायचा विचार असलेल्या कादंबऱ्याही घातल्या होत्या. या सगळ्या याद्या एका साच्यात बसवायचं काम कोणाला नको होतं. कुंदा कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवून नुकतीच निवृत्त झालेली, म्हणून ते तिच्याकडे आलं.

तिनं नियम केले. नाव एकेरी अवतरणात. प्रकार कंसात. मग गाव, मग साल. जुनं आधी, नवं नंतर. आणि एका नियमासाठी ती समितीत सगळ्यांशी भांडली होती : ज्या पुस्तकाची प्रत कोणी डोळ्यांनी पाहिलेली नाही, ते यादीत नाही.

अनंतरावांना हे काम फार मानवलं होतं. उभा जन्म सरकारी कचेरीत आदेश वाचण्यात गेलेला. निवृत्तीनंतर त्यांचा तो खणखणीत आवाज नुसता पडून होता.

त्या दिवशी नोंद होती भागीरथाबाई नरवाडे यांची. उमरखेडकडच्या एका गावातली शेतकरी बाई, काही वर्षांपूर्वी वारलेली. चार पुस्तकं.

"एकेरी अवतरण सुरू, धुऱ्यावरची माती, अवतरण पूर्ण..." अनंतराव संथपणे वाचत गेले. 'उसन्या साड्या' झालं, 'बोंडं आणि इतर कथा' झालं. चौथं 'पायलीभर चांदणं'. "...पुसद, स्वल्पविराम, दोन हजार अकरा, पूर्णविराम. एकेरी अवतरण सुरू, मधली खोली, अवतरण पूर्ण, पूर्णविराम."

कुंदाची पेन्सिल थांबली. तिच्या कागदावर तसं काही नव्हतं. नसणारच, कारण सकाळी तिनंच ते काढून टाकलं होतं. संगणकातल्या नोंदीत पाचवं नाव होतं, पण त्याला ना गाव ना साल, आणि प्रत पाहिल्याची खूणही नाही. नियमानं ते गेलं.

"अहो, ही 'मधली खोली' तुमच्या कागदावर आहे का?"

"कोणती मधली खोली?" अनंतरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपली?"

"आत्ता वाचलं न तुम्ही शेवटी."

"मी पायलीभर चांदण्यावर थांबलो." त्यांनी कागद तिच्यापुढे धरला. त्या जुन्या प्रतीवरही चारच नावं होती.

कुंदा हसली. सकाळपासून तेच डोळ्यापुढे होतं, म्हणून कानालाही ऐकू आलं असेल. तिनं पान उलटलं.

२

दुसऱ्या दिवशी तिनं ती नोंद पुन्हा वाचायला लावली. कारण विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. काहीतरी कारण असावं म्हणून तिनं मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं आणि म्हणाली, "मला नंतर एकटीनं ताडून पाहता येईल."

अनंतरावांनी वाचलं. चार नावं, आणि मग पाचवं. या वेळी तिनं स्पष्ट ऐकलं. मान वर केली तेव्हा ते रिकामा पेला स्टूलवर ठेवत होते.

तपासणाऱ्याचं असं असतं की नजर कायम कागदावर. वाचणाऱ्याच्या तोंडाकडे तो कधी बघत नाही. आजवर आपण अनंतरावांना वाचताना पाहिलेलंच नाही, हे कुंदाच्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं.

ते पडायला गेल्यावर तिनं मोबाइल कानाशी धरला. कूलरची घरघर. अनंतरावांचा आवाज, जवळचा, ओळखीचा. "...दोन हजार अकरा, पूर्णविराम." मग झाकणी उचलल्याचा आवाज. मग घटाघट पाणी पिण्याचा. आणि ते पाणी पीत असतानाच, लांबून, भिंतीपलीकडून यावा तसा त्यांचाच आवाज : "एकेरी अवतरण सुरू, मधली खोली, अवतरण पूर्ण, पूर्णविराम." मग पेला स्टूलवर टेकल्याचा खट्‌ आवाज.

तिनं ते परत ऐकलं. मग आणखी एकदा.

या घराला मधली खोली होती. समोरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मधे, बाहेरची खिडकी नसलेली. वर एक झरोका, तेवढाच उजेड. मुलगी स्पृहा शिकत होती तेव्हा तिची खोली. ती पुण्याला गेल्यापासून तिथं एक पलंग, आरशाचं लोखंडी कपाट आणि कोशाचे गठ्ठे. दुपारी कुंदा तिथं कागद काढायला जायची तेवढंच.

संध्याकाळी तिनं अनंतरावांना रेकॉर्डिंग ऐकवलं. ते विचारात पडले, मग म्हणाले, "आवाज घुमला असेल. दार उघडं होतं न मधलं."

"पण तुम्ही पाणी पिऊन राहिले होते तेव्हा."

"मोबाइल काय काय करतात आता. मागचं पुढं, पुढचं मागं." ते उठले. "काहून इतकं मनाला लावून घेतेस? पुस्तकाचं नाव आहे, घालून टाक यादीत."

३

तिनं घातलं. आपलाच नियम मोडताना तिला लाज वाटली, पण त्याहून जास्त हायसं वाटलं. चार नावांखाली पाचवं, बिनसालाचं, बिनगावाचं, बाकीच्यांच्या रांगेत लंगडं. तिनं नवी प्रत काढली आणि दुपारी अनंतरावांच्या हातात दिली. या वेळी तिनं कागदाकडे पाहिलं नाही. त्यांच्या ओठांकडे पाहत राहिली.

त्यांनी पाचवं नाव वाचलं. त्यांच्याच ओठांनी, त्यांच्याच आवाजात. पूर्णविराम म्हटला आणि कागद मांडीवर ठेवला. घरात कुठून काही आलं नाही. कूलर घरघरत होता.

कुंदानं श्वास सोडला.

"पुढे?"

शब्द हलकाच होता, गोष्ट ऐकणाऱ्या माणसाचा.

"आता पुढे काय पुढे?" अनंतराव हसत म्हणाले. "संपली न नोंद तुझी."

"मी नाही बोलले."

"मग कोण बोललं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मधल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आतला अंधार नेहमीचाच होता, कपाटाचा आरसा नेहमीसारखाच चमकत होता. अनंतराव उठले, दार ओढून घेतलं आणि परत येऊन बसले. पुढची नोंद पुसदच्या एका कवीची होती. अनंतरावांनी ती वाचली, आणि वाचून झाल्यावर ते क्षणभर तोंड उघडं ठेवून थांबले. आणखी काहीतरी वाचायचं राहिलं आहे, असं ते थांबणं होतं.

४

भागीरथाबाईंची नोंद त्यांच्या पुतण्यानं पाठवली होती. बबनराव नरवाडे. कुंदानं त्यांना फोन केला, म्हणाली, पुस्तकांची पहिली पानं मला डोळ्यांनी पाहायची आहेत. ते यवतमाळला येणारच होते. आले तेव्हा खांद्यावर दुपट्टा आणि हातात कापडी पिशवी, पिशवीत जपून गुंडाळलेली पुस्तकं.

"घ्या मॅडम. चारही आनले."

"आणि पाचवं?"

"पाचवं कोनतं?"

"मधली खोली."

बबनरावांनी कप बशीत ठेवला. "मी त चारच लिहून पाठोले होते."

कुंदानं फायलीतून त्यांचा मूळ कागद काढला. निळ्या शाईतलं ठळक अक्षर. चारच नावं. खाली त्यांची सही. मग संगणकात ते पाचवं आलं कुठून, हे सांगणारं कोणीच नव्हतं.

"ते नाव तुमाले कोनं सांगतलं?" बबनरावांचा आवाज उतरला होता. "काकूच्या घराले मधली खोलीच नोती. पुढची अन् मागची, दोनच खोल्या."

"मग त्यांनी असं काही लिहिलं होतं का? अर्धंमुर्धं?"

बबनरावांनी दुपट्टा खांद्यावरून काढून मांडीवर घेतला. बाहेरून भंगारवाला ओरडत गेला.

"शेवटी शेवटी काकूचे डोये गेलते," ते म्हणाले. "मले बलावे अन् म्हने, वाच. मी आपला तिचंच तिले वाचून दाखोत राहो. हेच पुस्तकं, जुन्या वह्या. थांबलो का म्हने, पुढे? मी पुढचं वाचो. एक दिवस वही सरली. मी म्हनलं, काकू, सरलं. त म्हने, नाही सरलं, वाच. मी म्हनलं, कोरं हाये. म्हने, वाच न रे."

"मग?"

"मंग म्या वाचलं."

"काय वाचलं?"

"ते नाही मले सांगता येत." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "काकू तवा झोपलेली होती, मॅडम. मी पाह्यलं तवा तिचे डोयेही मिटलेले अन् तोंडही. पुढे कोन म्हनून राह्यलं होतं, ते म्या मान वयवून पाह्यलंच नाही. पयालो मी. माह्यी बायको म्हने, इतकं काय भेलं? म्या तिलेही नाही सांगतलं."

आतून अनंतरावांचा आवाज आला. संथ, एका लयीत. शब्द कळत नव्हते, पण चाल ओळखू येत होती. ते वाचत होते.

बबनराव उभे राहिले. पुस्तकं तशीच टेबलावर ठेवून ते पायऱ्या उतरले. कुंदा त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेली.

"पुस्तकं घ्या न तुमची."

"राहू द्या." फाटकाची कडी त्यांच्या हातून निसटली, मग लागली. "सर वाचून राह्यले न आतमंदी? त्यायच्या हातात काय हाये, ते पाहा एकडाव."

कुंदा धावतच आत आली. मधल्या खोलीचं दार उघडं होतं. अनंतराव कपाटासमोर उभे होते. हातात चष्म्याचं रिकामं घर.

"काय वाचून राहिले होते तुम्ही?"

"मी?" ते गोंधळून तिच्याकडे बघत राहिले. "मी चष्मा शोधून राहिलो."

चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.

५

कुंदानं वाचन बंद केलं. पाचवं नाव पुन्हा काढून टाकलं, उरलेल्या नोंदी एकटीनं, मनातल्या मनात, बोट ठेवून तपासल्या. समितीला कळवलं की यांची तब्येत बरी नाही, काम थोडं मागं पडेल. मधल्या खोलीला बाहेरून कडी घातली.

कडी सकाळी काढलेली सापडायची. "गार असते तिथं," अनंतराव म्हणायचे. "जरा पडतो."

ते पडायचे नाहीत. कुंदा स्वयंपाकघरात असली की भिंतीतून गुणगुण यायची. कुकरची शिट्टी झाली की थांबायची, शिट्टी विरली की जिथं थांबली तिथून पुन्हा सुरू व्हायची. ती दाराशी गेली की ते उठून बाहेर यायचे, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचे, पण जरा उशिरानं, आधी दुसरीकडे कान देऊन. पोळी तोंडात घेऊन चावायचं विसरायचे.

बबिता भांड्यांना यायची. तिनं एकदा राखेचे हात तसेच धरून विचारलं, "काकू, काका कोनासंगं बोलून राह्यले?"

"वाचतात गं. सवय आहे त्यांना."

"मंग ते दुसरं कोन बोलते मंधामंधात?"

"टीव्ही असेल." टीव्ही समोरच्या खोलीत होता आणि बंद होता. बबितानं त्याच्याकडे पाहिलं आणि नळ सोडला. त्यानंतर ती मागच्या दारानंच यायला लागली.

कुंदा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. रक्तदाब ठीक, साखर ठीक. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारली. "फार बोलता का हो दिवसभर? गळा पार सोलून निघालाय. चार दिवस मौन पाळा." अनंतराव मान हलवत होते. घरी येईपर्यंत रिक्षात त्यांचे ओठ हलत होते. कुंदानं त्यांचा हात घट्ट धरून ठेवला. स्पृहाला फोन करावा असं तिला वाटलं, पण सांगायचं काय? तुझे बाबा वाचतात?

ती स्वतःला समजावायची. रिटायर माणूस, कामाची सवय, ते काम अचानक काढून घेतलं. मनावर परिणाम होतो माणसाच्या. त्यांना पुण्याला नेऊ, चार दिवस बदल होईल. तिनं तिकिटंही काढली.

६

जायच्या आदल्या दिवशी ती प्रवासाला लागणारं सामान आणायला दत्त चौकात गेली. परत आली तेव्हा ऊन चांगलंच तापलेलं होतं. तिनं फाटक उघडलं, आत आली, फाटक लावलं. पिशवी जड झाली होती, म्हणून दुसऱ्या हातात घेतली.

घरातून आवाज येत होता. खरवडलेला, पण अजून लयीत.

"...फाटक लावलं पूर्णविराम. पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली पूर्णविराम. कुंदा पायरीवर थांबली पूर्णविराम."

ती पायरीवर थांबलेली होती.

मधली खोली तिथून दिसतही नव्हती. ती हलली नाही. आतला आवाजही थांबला. कूलर बंद होता. कोणाचाच श्वास ऐकू येत नव्हता, तिचा स्वतःचाही नाही.

"पुढे?"

पुरुषाचा नाही, बाईचा नाही. आस लागलेला, लाडिक, भुकेला.

"ती घाबरली पूर्णविराम," अनंतराव म्हणाले. बोलताना त्यांना ठसका लागला. "तिला परत फिरावंसं वाटलं स्वल्पविराम पण..."

तो ठसका ऐकून कुंदाच्या पायात बळ आलं. तिनं पिशवी टाकली आणि ती आत गेली, समोरची खोली ओलांडून थेट दारापर्यंत.

अनंतराव पलंगासमोर खुर्चीत बसले होते, दाराकडे पाठ. हातात भागीरथाबाईंच्या नोंदीचा कागद होता, उलटा धरलेला. कोरी बाजू त्यांच्याकडे. ती बाजूनं पुढे झाली. त्यांचे ओठ फुटले होते. हनुवटीवर रक्ताची बारीक रेघ वाळली होती. त्यांचे डोळे कोऱ्या कागदावर उजवीकडे सरकत होते, ओळीच्या टोकाला पोचून परत डावीकडे येत होते.

पलंगाकडे पाहू नकोस, असं कुंदानं स्वतःला बजावलं. तिनं त्यांचा दंड धरून ओढला. खुर्चीसकट जमिनीत पुरल्यासारखे ते जागचे हलले नाहीत. तिनं त्यांच्या तोंडावर हात दाबला. तिच्या तळव्याखाली ते ओठ हलतच राहिले, ओले, गरम.

"पुढे?" पलंगाच्या बाजूनं आलं. आता त्यात थोडी नाराजी होती.

कुंदाची नजर चुकली. पलंगाकडे नाही गेली, कपाटाच्या आरशात गेली. आरशात पलंगाची एकच कड दिसत होती. तिथली चादर कोणी बसल्यासारखी दबलेली होती, आणि तिच्यावरची सुरकुती एक हात सावकाश सरळ करत होता. गोष्ट रंगात आली की माणूस नकळत करतो तसा. पाण्यात फार वेळ राहिलेला असावा तसा पांढरा हात. पुन्हा पुन्हा तीच सुरकुती.

तिनं डोळे मिटले. डोक्यात बाकी काही राहिलं नव्हतं, एवढंच उरलं होतं की कोणीतरी वाचायला पाहिजे. कोण वाचतं, याच्याशी त्या हाताला कर्तव्य नव्हतं.

तिनं अनंतरावांच्या बोटांमधून कागद सोडवून घेतला.

"मी वाचते," ती म्हणाली. "तुम्ही उठा."

ते उठले नाहीत. तिनं कोरा कागद डोळ्यांसमोर धरला. वर्गात पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज काढला.

"अनंतराव उठले पूर्णविराम."

अनंतराव उठले.

"ते खोलीच्या बाहेर गेले स्वल्पविराम समोरची खोली ओलांडली स्वल्पविराम ओट्यावर गेले आणि सावलीतल्या खुर्चीत बसले पूर्णविराम."

त्यांच्या सपातांचा आवाज तिच्या मागून गेला. समोरच्या खोलीतून. उंबऱ्यावरून. ओट्यावरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीचे पाय फरशीवर घासले.

"त्यांचा घसा मोकळा झाला पूर्णविराम. त्यांना यातलं काही आठवलं नाही पूर्णविराम."

बाहेर अनंतरावांनी खाकरून घसा साफ केला. "अरे बापरे, काय ऊन आहे!" ते स्वतःशीच म्हणाले. त्यांचा जुना, खणखणीत आवाज. कितीतरी दिवसांनी.

कुंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही. तिनं पुढचं वाक्य जुळवलं आणि जपून वाचलं. "कुंदाही उठली पूर्णविराम. ती त्यांच्यामागे बाहेर गेली पूर्णविराम."

ती जिथं होती तिथंच होती. खुर्चीत. खुर्चीत ती कधी बसली, तिला कळलं नव्हतं. ती उठायला गेली, पण पाय तिचे असूनही तिचे नव्हते. चादरीवरून हात फिरल्याचा आवाज झाला. ऐकणाऱ्याला ते वाक्य आवडलं नव्हतं.

मागच्या दारानं बबिता आली असावी, भांडी वाजली. घराला वळसा घालून ती ओट्याकडे गेली. "काका, आज बाहेर बसले? बरं वाटून राह्यलं का?"

"एकदम बरं," अनंतराव म्हणाले. "काकू कुठं गेली तुझी? तिला म्हणावं, आज आपण..."

त्यांचं बोलणं तिथंच तुटलं. कुंदानं त्यापुढचं अजून वाचलंच नव्हतं.

"काका?" बबिता म्हणाली. "काका, असे काहून पाहून राह्यले? काका!"

"पुढे?"

"आज आपण सगळे मिळून चहा घेऊ स्वल्पविराम अनंतराव म्हणाले पूर्णविराम," कुंदा घाईघाईनं वाचू लागली.

"...सगळे मिळून चहा घेऊ," बाहेरून आलं. बबिता हसली. तिच्या हसण्यात अजून भीती होती.

कुंदानं कागद थोडा वर धरला. आवाज थरथरू देऊन चालणार नव्हतं. तिनं बबिताला चहा करायला लावलं, आलं घालायला लावलं. अनंतरावांना कप दिला. चहा बेताचा गोड केला. शेजारचे अतुलराव गच्चीवरून काहीतरी विचारतील, असं वाचलं, आणि गच्चीवरून हाक आली. अनंतरावांनी त्यांना मोठ्यानं उत्तर दिलं आणि दोघं हसले. ते हसणं संपायच्या आत तिनं पुढचं वाक्य सुरू केलं होतं.

आरशाकडे तिनं पाहिलं नाही. चादरीवरचा हात थांबला होता. तो आता ऐकत होता.

झरोक्यातलं ऊन अजून भिंतीच्या मधोमध होतं. अनंतरावांची अख्खी संध्याकाळ वाचायची राहिली होती.